सोनईच्या जागी शिंगणापूर

"तिथे ठेवू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की खोकं हातात धरलेला तो मुलगा दारातच थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

"मग कुठे ठेवू? डोक्यावर?"

"त्या टेबलावर तराजू आहे. ग्रॅमचा दहा हजारावा भागही मोजतो. तुम्ही नुसते शिंकलात तरी त्याचा आकडा बदलेल."

"आणि ह्या खोक्यात संगणक आहे. मी शिंकलो तर ह्याचा आकडा शून्य होईल. लवकर सांगा... शिंक येतेय."

मी धावत जाऊन दुसरं टेबल रिकामं केलं.

ही १९९९च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बी.एस्सी. होऊन मला आठ महिने झाले होते आणि नेवासा तालुक्यातल्या एका शेतकरी संस्थेच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ही माझी पहिलीच नोकरी होती. खिडकीतून लांबच्या कारखान्याच्या मळीचा वास यायचा. शेतकरी कापडी पिशवीतून माती आणायचे, मी तिचा सामू म्हणजे पीएच, क्षार आणि नत्र तपासायची. चुका करत नाही म्हणून माझं नाव होतं. मला त्याचा थोडा गर्वही होता.

"तुमचं नाव?" पावतीवर सही करताना मी विचारलं.

"नोहा."

"तारूवाले?"

"तेच. तारू बाहेर उभं आहे, एम-ऐंशी. पण त्यात जोडी एकच मावते."

मी याकोब गुरुजींची मुलगी. बायबलातल्या नोहाच्या तारवाची गोष्ट मला दुधाच्या दातांपासून पाठ होती, पण ती ऐकून हसू पहिल्यांदाच आलं. हसता हसता त्याने स्वतःच्या नाकाचा शेंडा हळूच चोळला. मी माझ्या नाकाला हात लावला... माती होती.

नोहा मूळचा पुणतांब्याचा. नगरच्या एका संगणकाच्या दुकानात नोकरीला होता आणि दर गुरुवारी आमच्याकडे यायचा. पहिली अडचण मच्छिंद्रभाऊंची निघाली. त्यांनी वीस वर्षं सायकलवरून छत्तीस गावांची माती गोळा केली होती. आता प्रत्येक गावाची एक फाईल होती आणि पडद्यावर छत्तीस आयकॉन एकाखाली एक उभे होते, इंग्रजी नावांचे, कारण मराठी अक्षरं त्या संगणकात बसत नव्हती. आणि भाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"ताई, ह्यात घोडेगाव कुठं हाय?"

"जी मध्ये, भाऊ. वरून नववं."

"जी मधी कसं? घोडेगाव नगर रोडला हाय!"

मी हसले. नोहा हसला नाही. "बरोबर बोलतायत ते," एवढंच म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो एक फ्लॉपी आणि एक सीडी घेऊन आला. फ्लॉपीत आमच्या गावांचा नकाशा होता, भिंतीवरचा नकाशा नगरला नेऊन त्याने त्याचं चित्र करून आणलं होतं. ते त्याने पडद्याच्या पार्श्वभूमीला लावलं. सीडीत एक छोटीशी युटिलिटी होती, म्हणजे सोयीचा प्रोग्रॅम. तिच्यात आयकॉनचं नाव निवडायचं आणि दोन आकडे टाकायचे, डावीकडून किती ठिपके नि वरून किती. आयकॉन नेमका तिथे जाऊन बसायचा. सगळे बसले की एक बटण दाबून मांडणी साठवायची, आणि कधी विस्कटली तर शेजारचं बटण दाबून साठवलेली परत आणायची.

मी पट्टीने नकाशा मोजला, आकडे वहीत उतरवले. मी वाचायची, तो टाकायचा. माऊस एकच होता, खुर्च्या दोन.

"सोनई?"

"चारशे दहा, तीनशे वीस."

"शिंगणापूर?"

"चारशे चाळीस, तीनशे छप्पन्न."

"ही दोघं फार जवळ येतायत. अगदी खेटून. थोडं सरकवू?"

"नको... नकाशात आहेत तशीच राहू द्या."

"तशीच राहू द्या," तो म्हणाला. बघत मात्र पडद्याकडे नव्हता.

मी वहीचं पान उलटलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मच्छिंद्रभाऊ आले, पडद्यासमोर वाकले आणि न विचारता माऊसचा बाण थेट घोडेगावावर नेला. "आता कसं! आपापल्या जागेवर हायती."

"एकच पथ्य," निघताना नोहा मला म्हणाला. "पडद्याच्या ठिपक्यांची संख्या, म्हणजे रिझोल्युशन, बदलायची नाही. आठशे-सहाशेची कमी केलीत, तर गावं एकावर एक कोसळतील."

"आणि कोसळली तर?"

"तर ते बटण आहे. नाहीतर मी आहे. फोन करा, तसाच येतो." त्याने दुकानाचा नंबर माझ्या गाळण-कागदावर लिहून दिला.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, हीच खरी अडचण होती. संगणक बिघडत नव्हता. दुकानाने नोहाला गुरुवारी राहुरीकडे पाठवायला सुरुवात केली. पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला... गाळण-कागद माझ्या डब्याच्या पिशवीत होता. पण फोन करून म्हणणार काय?

मग एका मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत खोलीत कोणी नसताना, मी पडद्याच्या ठिपक्यांची संख्या बदलली.

काय होतं ते बघावं, असं मी स्वतःला सांगितलं. पण कुतूहल फार तर दहा टक्के होतं. उरलेले नव्वद टक्के — आता गावं कोसळतील, आता मला फोन करता येईल, आता तो येईल.

गावं कोसळली. ती बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या जागांच्या भरवशावर काम करत होता आणि मी त्या एका भेटीसाठी उधळल्या होत्या! मी घाईने संख्या पूर्ववत केली आणि मांडणी परत आणायचं बटण दाबायला गेले. शेजारचं दाबलं गेलं. विस्कटलेली मांडणीच साठवली गेली.

बाहेर मच्छिंद्रभाऊंच्या सायकलची घंटा वाजली. ते पिशव्या उतरवून आत येईपर्यंत वही काढून मी छत्तीस गावं पुन्हा बसवली, अकरा मिनिटांत. वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी शिंगणापूरच्या मालनबाई अहवालाचा कागद घेऊन आल्या.

"ताई, माझं रान चोपण हाय म्हनं. जिप्सम टाकाया लिवलंय."

"अहवालात असेल तर..."

"अवो, माझ्या रानात पानी सोडलं की जिरतं. चोपणात जिरतं व्हय?"

मी त्यांची उरलेली माती काढून पुन्हा तपासली. कागदावर सामू आठ पूर्णांक नऊ होता, माझ्यासमोर सात पूर्णांक सहा. मी पडद्याकडे गेले. सोनईच्या जागी शिंगणापूर बसलं होतं आणि शिंगणापूरच्या जागी सोनई. त्या अकरा मिनिटांत मीच दोघांचे आकडे उलटे टाकले होते.

प्रत्येक गावाचे नमुने एकपासून मोजलेले. संगणकातून फक्त नमुन्याचा क्रमांक आणि आकडे छापून निघत, नाव-गाव मच्छिंद्रभाऊ पेनाने लिहीत. त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. मालनबाईंचा कागद तिथेच बदलून दिला, पण आणखी सात चुकीचे कागद सात घरी पोचले होते. आठवडाभरात कुणी त्याबरहुकूम रानात काही टाकलं तर...

"मी शिंगणापूरच उघाडलं हुतं," मच्छिंद्रभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते. "जागेवरचं. आईशप्पथ."

"तुम्ही नाही चुकलात," आमचे प्रमुख श्रीमंतराव म्हणाले. "त्या पोराच्या प्रोग्रॅमने गावं हलवली. बोलवा त्याला."

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी चुका करत नव्हते ना! मी आकड्यांची वही मिटून खणात सारली.

नोहा दुसऱ्या दिवशी आला. किती दिवस मी ज्या फटफटीच्या आवाजाची वाट बघितली होती, तो ऐकून मला पळून जावंसं वाटलं. त्याने युटिलिटी उघडली, मांडणी शेवटची कधी साठवली ते बघितलं. मंगळवार, दुपारी एक वाजून सत्तावीस मिनिटं. त्या मंगळवारी तो इकडे फिरकलाही नव्हता. त्याची मान हळूच माझ्याकडे वळली. मी परीक्षानळी उजेडात धरून बसले. ती रिकामी होती.

"सर," तो श्रीमंतरावांना म्हणाला, "चूक माझ्याकडून झाली असेल."

"असेल काय? झालीय! तुमच्या मालकांना पत्र लिहितो. इथे दुसरा माणूस पाठवा म्हणावं."

"बरं, सर."

तो बाहेर गेला. एम-ऐंशीला दोनदा किक मारली, लागली नाही. मी मागोमाग गेले.

"तुम्ही वेळ बघितलीत."

"बघितली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची पहिली नोकरी. माझं काय, मालक चार दिवस ओरडतील." त्याने हँडलवरची धूळ बोटाने पुसली. "मला एकच सांगा. मी मुद्दाम सांगितलं होतं, तरी ठिपके का बदललेत?"

"ते... असंच..."

"तुम्ही असंच काही करत नाही," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं.

मी वळले आणि थेट श्रीमंतरावांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं: मंगळवार, एक सत्तावीस, चुकीचं बटण, अकरा मिनिटं. मच्छिंद्रभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"ताई, तुमी?" ते म्हणाले. एवढंच. त्या दोन शब्दांनी मी जमिनीत गेले.

श्रीमंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पत्र लिहीत नाही," ते म्हणाले. "पण हे सात कागद पोस्टाने जाणार नाहीत. तू स्वतः जायचं. प्रत्येक घरी सांगायचं, कुणामुळे झालं ते. आजच."

नोहा अजून गाडीजवळच होता. उघड्या दारातून त्याने आतलं ऐकलं होतं, त्याने मागची सीट रुमालाने झटकली.

सोनईत चार घरं होती. कारभारी नावाचे एक म्हातारबाबा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "म्हंजी माझं रान चोपण हाय तर! मला वाटलंच हुतं. पोरी, पयल्या कागदानं आठ दिस लई सुखात ठेवलं बघ मला." त्यांचा मुलगा मात्र हसला नाही. "शिकल्याली मान्सं असं करत्यात," म्हणाला. मी मान हलवली. खरंच होतं.

प्रत्येक ठिकाणी नोहा गाडीपाशीच थांबायचा. एकदाही माझ्या वतीने बोलला नाही. त्याचे मी उपकार मानले.

शेवटचं घर शिंगणापुरात, बायडाबाईंचं. तिथल्या घरांना दारं नसतात. चौकट असते, एखादा पडदा असतो, पण वाजवायला काही नसतं. बाहेरून आपण होऊन हाक मारावी लागते. सहा घरी कडी वाजवून, नाहीतर अंगणातल्या कुणाला तरी पुढे घालून भागलं होतं. इथे हाक मलाच मारायची होती. मी मागे बघितलं. नोहा उन्हात उभा राहून लांबच्या उसाकडे बघत होता.

"मावशी..." मी हाक मारली. मग जरा मोठ्याने, "मावशी, प्रयोगशाळेतून आलेय. माझी चूक झालीय."

पडदा सरला. "आधी चूक सांगती नि मंग नाव! कोन गं तू? याकोब गुर्जीची पोर न्हवं?"

"हो. आराधना."

त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. अजून रानात काही टाकलं नव्हतं. मी कागद बदलून दिला आणि उठले.

"बस. येक कळलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "त्या पोरानं सांगितलं हुतं ना, हात लावू नगं म्हनून? मंग कशापाई लावलास?"

सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं. नोहाशिवाय. 'असंच' हा शब्द जिभेवर आला. पण सहा घरी खरं बोलून सातव्या घरी खोटं बोलवेना. मी खाली बघत म्हणाले, "बिघडलं तर ते दुरुस्त करायला... ते येतील म्हणून."

"कोन ते?"

मी बोट दाखवलं नाही. नुसती मान वळली. आणि जीव गेला माझा. ते घर बिनदाराचं, पडदा बाजूला सारलेला, आणि नोहा दहा पावलांवर. ऊस बघायचं त्याने थांबवलं होतं. त्याचे कान माझ्याइतकेच लाल झाले होते.

"अगं बया," बायडाबाई म्हणाल्या. "मंग त्याला उन्हात कशाला वाळत घातलाय? ये रं बाबा आत!"

तो आला. पहिल्या दिवशीसारखाच चौकटीत थबकला, एक पाय आत, एक बाहेर.

"नंबर दिला होता ना," तो म्हणाला.

"फोन करायला कारण लागतं."

"कुणी सांगितलं?"

बायडाबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि तिकडूनच विचारलं, "गुर्जींना ठावं हाय का ह्ये?"

"नाही," मी पुटपुटले.

"मंग तिथं बी जाऊन सांग. आज तुजा सांगत हिंडायचाच दिस हाय."

मी दोन्ही हातांत तोंड लपवलं. नोहा माझ्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून, जमिनीवर बसला.

"म्हणजे आठवं घर," तो हळूच म्हणाला. "तिथे मात्र मी बोलतो."