रांगेतली दंडार

"ही गाडी कोणाची आहे?"

सभागृहाच्या फाटकासमोर कापसानं ठासून भरलेली बैलगाडी उभी, आणि कापसावर एक महाशय तोंडावर दुपट्टा टाकून आडवे. मैत्रेयीनं आवाज चढवला तेव्हा दुपट्टा जरासा सरकला. दोन डोळे दिसले... हसरे. आपण वैतागलेले असताना हसणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत.

"माही हाय. काहून?"

"काहून म्हणजे? काढा इथून! संध्याकाळी आत माझा दंडारीचा कार्यक्रम आहे."

"काढली असती म्याडम, पण रांग सोडली का नंबर गेला. आन् जरा लांबून रागवा... कापूस हाय, पेट घेईन."

रांग कसली, मारुतीचं शेपूट होतं ते! व्यापारी भाव देईनात, सरकारी खरेदी केंद्र उघडलं उशिरा, मग अख्ख्या तालुक्याचा कापूस महागावच्या या एका रस्त्यावर येऊन उभा राहिला. गाडीजवळ माणूस नसला की मागची गाडी खुशाल पुढं जायची. हाच रांगेचा कायदा.

आणि मैत्रेयीला दंडारीचा, म्हणजे ढोलकीवर गोल धरून, सोंगं आणून नाचायच्या लोकनाट्याचा, कार्यक्रम आजच करायचा होता. ती उमरखेडची, पुण्यात कला व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला. "नाचणारे नाचतात, पाहणारे पाहतात, मधात तुह्यं काय काम?" हा प्रश्न साऱ्या नातेवाइकांनी विचारून झाला होता. तिच्या बाबांनी, भीमराजांनी, तर निकालच देऊन टाकला होता. परीक्षेचा हा कार्यक्रम पार पडला तर पुढं बोलू, नाहीतर मुकाट्यानं डी.एड. आज कॉलेजच्या बाई स्वतः पुण्याहून गुण द्यायला यायच्या होत्या.

दिवसभर ती फाटकातून ये-जा करत राहिली आणि दर खेपेला त्या गाडीवाल्याशी भांडत राहिली. त्याचं नाव रोशन. ते तिनं विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. चहाही त्यानंच पाजला. फुकटचा चहा पिऊन भांडणं अवघड जातं, तरी तिनं नेटानं जमवलं.

उन्हं कलली. खुर्च्या मांडल्या, माईक लागला, कॉलेजच्या बाई येऊन पहिल्या रांगेत बसल्या... पण कलाकारांचा पत्ता नाही! मैत्रेयीनं दंडार मंडळाच्या उकंडाकाकांना फोन लावला. त्यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, सगळं फोनवरच ठरलेलं. रिंग वाजली... आणि ती तिला रस्त्यावरूनच ऐकू आली. ती धावत बाहेर आली. पुढच्या गाडीवर एक म्हातारबा फोन कानाला लावून बसले होते.

"येऊन राह्यलो ना पोरी! नंबर लागला का आलोच!"

"काका! अख्खं मंडळ रांगेत?"

"हाव. कापूस सोडून कसं याव?"

"आणि ढोलकीवाला?"

काकांनी निवांत बोट दाखवलं. रोशन कापसाच्या आतून ढोलकी उपसून काढत होता.

"तुम्ही?" पुण्याची भाषा तिच्या तोंडातून घसरलीच. "मंग सकाळपासून सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं, तर तुमी परत परत भांडाले आल्या असत्या का?"

ती लाल झाली. रागानंच, असं तिनं स्वतःला बजावलं. आवडला होता मेला. सकाळपासूनच. हाच तर खरा वैताग होता!

आता काय? आत रिकाम्या खुर्च्या, बाहेर रांगेत कंटाळून बसलेली शेकडो माणसं. मैत्रेयीनं माईकची वायर ओढली आणि फाटकात येऊन ओरडली, "उतरा सगळे! आपापल्या गाडीजवळ राहूनच नाचा. दंडार रस्त्यावर होईल!"

बाईंना तिनं चक्क कापसाच्या गाडीवर चढवलं. ढोलकी कडाडली, गोल धरला गेला, सोंगं आली, म्हाताऱ्यांनीही शिट्या मारल्या. रोशन डोळे मिटून असा वाजवत होता की मैत्रेयीला कार्यक्रमाचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात रांग हलली. रोशनच्या मागचा गाडीवाला, सेवादास, आपली गाडी बाजूनं काढू लागला. रोशनला हाक मारावी तर दंडार तुटणार, न मारावी तर त्याचा नंबर जाणार...

बैल जुंपलेलेच होते. मैत्रेयीनं कासरा धरला. आयुष्यात पहिल्यांदा. बैलांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग कीव आल्यागत चालू लागले. पुढं गाड्यांचे नंबर लिहून घेणारा खरेदी केंद्राचा माणूस उभा होता.

"ही गाडी कोणाची?"

सकाळी तिनंच विचारलेला प्रश्न. सेवादास तोंड उघडणार, तोच ती ठणकावून बोलली,

"आमची!"

मागं ढोलकीचा ठेका चुकला. गर्दीतून वाट काढत, गळ्यातली ढोलकी सावरत रोशन धापा टाकत जवळ आला.

"कोणाची म्हनलं, म्याडम?"

"ऐकलंस ना?"

"ऐकलं... पण परत ऐकाचं हाय."

तिच्या केसांत कापूस अडकला होता. तो काढायला त्याचा हात पुढं आला, आणि सगळा रस्ता बघतोय हे कळून तिथंच थांबला.

"आमची," ती हळूच म्हणाली. मग कासरा घट्ट धरत डाफरली, "आता वाजव ना! बाई पाहून राह्यल्या, माहे मार्क जातीन!"