पुरणाऱ्याचे हात

आमच्या सिवाच्या वाळवंटी मरुद्यानात दुखऱ्या सांध्यांना एकच औषध, तापलेली वाळू. सकाळी खड्डा खणायचा, दुपारपर्यंत उन्हात तापू द्यायचा आणि माणसाला गळ्यापर्यंत पुरायचं. डोंगरापलीकडच्या वस्तीत त्यासाठी मोठं उपचारघर होतं. ते बंद पडलं, मागोमाग वस्तीही उठली. आणि आईचे पाय जखडले ते नेमके यंदा. उचलल्याशिवाय तिला अंथरुणातून हलता येईना. मला ते बघवत नव्हतं.

तिथे लोकांना पुरायचं काम मशरीकाका करायचे. त्यांच्याकडे फावडं मागायला गेलो.

"घेऊन जा. पण ज्याने पुरलं त्यानेच काढायचं. मध्ये सोडून हलायचं नाही."

"का, पळून जाईल म्हातारी?"

"हस लेका." काका स्वतः हसले नाहीत. "मी हललो होतो एकदा. म्हणून बंद झालं ते."

म्हाताऱ्यांना भाव खायची सवयच असते, असं मी मनाशी म्हटलं.

दुपारी त्या ओसाड उपचारघरापाशी वारा पडलेला. दारं-खिडक्या काढून नेलेल्या त्या इमारतीतून, एवढ्या उन्हातही, ओलीचा कुबट वास येत होता. मागच्या बाजूला, सकाळीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात आईला पुरलं, डोक्याशी छत्री रोवली. नंतर घाम निथळायला शेजारी तंबू ठोकलाच होता.

"छान शेकतंय रे यूनुस," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पायाशी कोण आहे?"

"कोणी नाही."

"दाबतंय कोणीतरी... खालून..."

"वाळूचं वजन आहे ते."

मेथीचा काढा जीपमध्येच राहिला होता. तेवढाच आणायला इमारतीला वळसा घालून गेलो.

परत आलो तर आई तंबूत! घोंगडी पांघरून बसलेली, पाय मजेत हलवत.

"तुला काढलं कोणी?"

"तूच की! दे तो काढा."

मी खड्ड्याकडे धावलो. वाळू मी थापली होती तशीच होती, माझ्या तळव्यांचे ठसेसुद्धा मोडले नव्हते. फक्त चेहऱ्याच्या जागीही आता वाळू होती.

मी वेड्यासारखा उकरू लागलो. आईचा चेहरा लागला. ओठ काळेनिळे, पण श्वास होता.

"यूनुस... मागे बघू नकोस..."

मागे तंबूचं कापड सळसळलं. वाळूवर पावलं वाजली. भरभर, जवळ.

"बाळा," आईच्याच आवाजात कोणीतरी मायेनं म्हणालं, "झाक तिला. वारा लागेल."