बाईंचा उजवा हात

शेजारच्या बाई शाळेत गणित शिकवतात. त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले ती सोबत म्हणून; खरं सांगायचं तर तिथला तो नवीन, डोळ्यांपुढे खोटं जग उभं करणारा चष्मा बघायची मला हौसही होती.

वर्षापूर्वी गच्चीवरची टाकी धुताना त्यांचे यजमान कठड्यावरून घसरले. बाईंनी उजव्या हाताने त्यांना धरून ठेवलं, हाका मारल्या. साऱ्या जगाच्या घरात डोकावणारी मी, नेमकी तेव्हा मिक्सर लावून बसले होते. हात सुटला. चार मजले... तेव्हापासून बाईंचा खांदा आखडला. फळ्यापर्यंत हात पोचेना, नोकरी जायची वेळ आली.

व्यायाम घेणाऱ्या मुलीने बाईंच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला, हातात यंत्राची बिनतारी मूठ देऊन ती पट्ट्याने बांधली. चष्म्यात टोपली दिसते, तिच्यातला चेंडू उचलून उंच फळीवर सोडायचा. हात किती अंश वर गेला, जमिनीपासून किती उंच आहे, ते यंत्र मोजतं. भिंतीवरच्या पडद्यावर हाताच्या जागी एक हिरवा ठिपका.

"मावशी, मध्ये बोलायचं नाही हं," मुलगी मला म्हणाली.

"मी कुठे बोलते?"

खोलीत स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर. ठिपका साठ अंशांवर अडला. रोज तिथेच अडायचा म्हणे.

"जड आहे गं," बाई पुटपुटल्या.

"बाई, त्यात वजन नसतं."

बाईंच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या. नव्वद. एकशे दहा. हात इंचाइंचाने वर चालला होता, खालून कुणाला ओढून घ्यावं तसा. एकशे चाळीस.

"पोचलात! आता सोडा."

"नाही... या वेळी नाही सोडणार."

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "वहिनी... हे म्हणतायत, दमलीस, सोड."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ऐका त्यांचं," एवढंच म्हटलं.

बोटं उघडली. चष्म्याखालून पाणी गालावर आलं. हात मात्र वरच राहिला, मोकळा, हलका.

मुलीने मूठ काढून टेबलावर ठेवली. बाईंना खुर्चीत बसवून मी पाणी देत होते, तेवढ्यात मुलीने माझा दंड घट्ट धरला.

पडद्यावरचा ठिपका खाली जात होता. मूठ टेबलावर निश्चल. मुलीने मुठीतले सेल काढले. तरी ठिपका जमिनीच्या रेषेखाली गेला. आठ मीटर... बारा... वीस...

चार मजल्यांची उंची केव्हाच मागे पडली होती. ठिपका सावकाश, हात सोडवून कुणी अलगद उतरत जावं तसा, अजून खालीच चालला होता.