आल्यावर बसतो

सरनोबतांच्या घराची किल्ली धोंडुबाईकडं असणं ही काही नवी गोष्ट नव्हती. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडं असायच्या. कुणाचा गॅस यायचा असला, कुणाच्या कुंड्यांना पाणी घालायचं असलं, की माणसं तिच्या हातात किल्ली टेकवून गावाला जायची. घर राखलं जायचंच. शिवाय कोण आलं, कोण बेल दाबून परत गेलं, कुणी किती वेळ दारात घुटमळलं, याची सगळी हकीकत परतल्या परतल्या ऐकायला मिळायची.

या खेपेला मात्र पूर्णिमानं किल्ली दिली ती दोन्ही हातांनी दिली.

"आक्का, तीन दिवसांचा प्रश्न हाय. दिवेलागणीला ऋतूच्या फोटोम्होरं तेवढी समई लावत जा. त्याच्याजवळ अंधार नको."

"लावते की. तू बिनघोर जा."

पूर्णिमा आणि तिचा नवरा विजयसिंह दिल्लीला निघाले होते. मुलाचं पदक घ्यायला. कॅप्टन ऋतुराज सरनोबत, वय सव्वीस. गेल्या जानेवारीत सुट्टी संपवून गेला आणि बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर, गस्तीला असताना गोळी लागून पडला. त्याला अकरा महिने होत आले होते.

धोंडुबाईचं घर त्यांच्या समोरच. दारात बसून तांदूळ निवडता निवडता येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं निघालं?' म्हणून विचारल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. ऋतूनं शाळेत असतानाच तिचं नाव टोलनाका ठेवलं होतं. गावाभोवतीचे टोलनाके लोकांनी कधीच उठवले, पण हा काही उठला नाही. पोरगा कॅप्टन झाला तरी फाटकातून ओरडायचा, "आक्का, टोल भरतो. गंगावेशीत दूध प्यायला चाललोय." सुट्टीवर आला की व्हरांड्यात बसून आधी स्वतःचे बूट घासायचा, मग वडलांचे, आणि मग समोर हाक मारायचा. "पायतान टाक हिकडं आक्का. डबी उघडी हाय तवर." ती नको नको म्हणायची आणि आपली झिजलेली चप्पल त्याच्याकडं सरकवायचीही. सरकारी अधिकारी मांडीवर घेऊन आपली चप्पल घासतोय, हे तिनं गल्लीत किती जणींना सांगितलं असेल त्याला हिशोब नव्हता.

पहिल्या संध्याकाळी तिनं व्हरांड्याच्या जाळीचं कुलूप काढलं, चप्पल कोपऱ्यात सोडली, आत जाऊन दिवा लावला. बंद घराला असतो तसा कोंदट वास होता. फोटोतला ऋतू टोपी घालून सरळ समोर बघत होता. तिनं हात जोडले, वात जरा पुढं सारली, आणि वळताना तिला जाणवलं की कोंदट वासात आणखी एक वास मिसळलाय. ओल्या, ताज्या बूटपॉलिशचा.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, बाळासोला सांगितलं. तो एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक, बातम्यांवरची नजर न काढता म्हणाला, "मिलिटरीवाल्याचं घर हाय. अत्तराचा वास यायचा व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं दिवा लावला आणि तिथंच भिंतीला पाठ टेकून जराशी बसली. बाहेर उजेड विरत चालला होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता, कुणाच्या तरी घरी क्लासची पोरं पाढे म्हटल्यासारखं काहीतरी घोकत होती. मग हळूहळू ते सगळं लांब गेल्यासारखं झालं. आणि व्हरांड्यात, दाराच्या अगदी पलीकडं, आवाज सुरू झाला.

खस्स… खस्स… खस्स…

ब्रश होता तो. चामड्यावर फिरणारा, मध्येच थांबणारा, परत फिरणारा. धोंडुबाईला आधी वाटलं, झाडणारं कुणी असेल. पण जाळी तर तिनं आतून लावून घेतली होती. ब्रश थांबला. बॅगेची चेन ओढल्याचा लांब आवाज आला. मग पावलं. जड, सावकाश, चार पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेलेली. आणि कडी… खट.

ती उठून बघायला गेली तेव्हा व्हरांड्यात कुणी नव्हतं. फाटक लावलेलंच होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा झाले होते.

हे आवाज याच क्रमानं तिनं एकदा ऐकले होते. जानेवारीत, याच वेळेला, समोरच्या आपल्या दारात हातात केरसुणी घेऊन उभी असताना.

त्या दिवशी विजयसिंह पुढं जाऊन रिक्षात ट्रंक चढवत होते. पूर्णिमा विसरलेला चटणीचा डबा आणायला आत पळाली होती. ऋतू खांद्याला बॅग अडकवून फाटकाबाहेर पडला आणि धोंडुबाईच्या तोंडून, जसं रोज सगळ्यांसाठी निघतं तसंच निघालं.

"काय रं, कुठं निघालास?"

आठ दिवसांपासून तिला माहीत होतं तो कुठं निघालाय ते. रेल्वेच्या डब्याचा नंबरसुद्धा पाठ होता. तरी निघालं. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे तिला तिच्या आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. विचारलंच कुणी, तर जाणाऱ्यानं मागं फिरावं, घडीभर बसावं, चिमूटभर साखर तोंडात टाकून घोटभर पाणी प्यावं, मग निघावं.

ऋतू थांबला. हसून म्हणाला, "आक्का, कुठं म्हणत्यात व्हय?"

"चुकलं रं बाबा. ये, घडीभर बस. पाणी आणते."

त्यानं घड्याळ बघितलं. "गाडी जाईल. आल्यावर बसतो की."

एकोणिसाव्या दिवशी बातमी आली.

गल्लीतली कुठलीही गोष्ट धोंडुबाईच्या पोटात राहिली नाही. ही एकच राहिली. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलं घेऊन उभे होते त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली. तेराव्यानंतर पूर्णिमानं तिचा हात धरून विचारलं होतं, "आक्का, तू फाटकात हुतीस. शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी?"

"येतो म्हणाला," धोंडुबाईनं सांगितलं. एवढंच.

दुसऱ्या रात्री तिला झोप लागली नाही. तो रोज निघत होता. रोज बूट घासून, चेन ओढून, त्याच वेळेला. आई-बाप घरात असताना हे चालत असेल आणि त्यांना ऐकू येत नसेल, की येत असेल आणि ते बोलत नसतील, कुणाला ठाऊक. पण त्याला बसवायचं राहिलं होतं ते तिच्यामुळं. परवा सकाळी घरची माणसं परत येणार. तिलाही परवाच जयसिंगपूरला जायचं होतं. लेक अनुजा, दिवस भरत आलेले. म्हणजे हातात उद्याची एकच संध्याकाळ होती.

तिसऱ्या दिवशी ती पाच वाजताच गेली. व्हरांड्यातली ऋतूची वेताची खुर्ची पुसून भिंतीकडून ओढून घेतली. तिच्याशेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेला एक पेला ठेवला, बशीत साखर ठेवली. आत येऊन समई लावली आणि दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याशी, खाली बसली. पदराचा बोळा करून तोंडात धरला. स्वतःच्या जिभेवर तिचा विश्वास नव्हता.

उजेड गेला. आधी वास आला.

खस्स… खस्स…

तिनं डोळे मिटले नाहीत. दाराच्या फटीतून खुर्ची दिसत होती, स्टूल दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. ब्रश थांबला. चेन ओढली गेली. मग दोन पावलं… आणि पावलं थांबली. खुर्चीजवळच थांबली. पेल्यातलं पाणी थरथरलं, जवळून कुणी चालत गेल्यावर थरथरतं तसं. खुर्चीचा वेत किंचित कुरकुरला.

बस बाळा, ती मनात म्हणत होती. बस. घोटभर पी. मग जा.

वेत आणखी एकदा कुरकुरला. तिला वाटलं बसला. अकरा महिन्यांचा दगड छातीवरून उतरला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. डोळे पुसायला तिनं तोंडातला पदर काढला. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली, फाटकाची कडी हलली, आणि तिच्या तोंडून, तिला कळायच्या आत, चाळीस वर्षांच्या सवयीनं निघालं.

"कुठं निघालास?"

सगळं थांबलं. रस्ता, क्लासची पोरं, समईची ज्योतसुद्धा.

बाहेरून आवाज आला. हसरा, जरा घाईतला.

"आल्यावर बसतो, आक्का."

कडी… खट.

धोंडुबाईनं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. एक, दोन, कितीतरी. मग उठून व्हरांड्यात आली, मागं दार लावून घेतलं, जाळीपाशी आली. पेला काठोकाठ भरलेला होता, साखरेला बोट लागलं नव्हतं. तिला आता तिथं एक क्षणही थांबवेना. ती जाळीबाहेर पाऊल टाकणार, एवढ्यात मागून, दार लावून घेतलेल्या खोलीतून, अगदी प्रेमानं, कुणीतरी विचारलं.

"कुठं निघालीस… आक्का?"

तेव्हा तिनं मागं फिरायला हवं होतं. घडीभर बसायला हवं होतं. तिला ते माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं. कुलूप कसं लागलं, रस्ता कसा ओलांडला, तिला आठवत नाही. बाळासोनं बघितलं आणि म्हणाला, "अनवाणी कुठनं आलीस? पायतान कुठाय?"

पायतान जाळीच्या आत राहिलं होतं. परत जायची तिची छाती झाली नाही. किल्ली तिनं रात्रभर उशीखाली ठेवली.

सकाळी सातला सरनोबत आले. किल्ली घ्यायला विजयसिंह स्वतः आले. डोळे तारवटलेले, हातात पदकाची निळी पेटी. ती पेटी कुठं ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून किल्ली घेताना पेटी त्यांनी बगलेत धरली. धोंडुबाईची पिशवी दारातच भरून ठेवलेली होती. पहाटे जावयाचा फोन येऊन गेला होता. अनुजाला कळा सुरू झाल्या होत्या. नऊची गाडी धरायची होती.

थोड्या वेळानं पूर्णिमा रस्ता ओलांडून आली. चेहरा प्रवासानं उतरला होता, पण आवाजात वेगळंच काहीतरी होतं. हलकं झाल्यासारखं.

"आक्का, खुर्चीजवळ साखर-पाणी ठेवलतंस. बरं वाटलं बघ. माझ्या कधी ध्यानात आलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "पण दोन पेलं कशाला?"

"दोन?"

"एक त्याच्या खुर्चीपाशी. आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यापाशी एक. साखरेची बशी बी दुसरी. तू बसलतीस व्हय घडीभर?"

धोंडुबाईनं एकच पेला ठेवला होता. खुर्चीही एकच ओढली होती.

"व्हय," ती म्हणाली. "बसलते."

पूर्णिमाशी हे तिचं दुसरं खोटं. आणि मग तिनं पूर्णिमाचा दंड धरला. "त्यातलं पाणी हाय का गं अजून? दुसऱ्या पेल्यातलं? मला एक घोट… मला जायचं हाय, पूर्णिमा, मला आधी तेवढं…"

"मी तुळशीला घातलं की," पूर्णिमा म्हणाली. "दोन्ही. शिळं पाणी कशाला ठेवायचं? तुला पाणी पाहिजे तर आणते मी ताजं."

आतून बाळासोनं हाक मारली, पावणे नऊ झालं म्हणून. धोंडुबाई दारातच खाली बसली. पिशवीत फोन वाजत होता. अनुजाचं नाव असणार, तिनं बघितलं नाही.

"आणि हे घे," पूर्णिमा म्हणाली. मघापासून पाठीमागं धरलेला हात तिनं पुढं केला. "विसरलीस व्हरांड्यात. जाळीपाशी ठेवलतं, तोंड रस्त्याकडं करून. कवा केलंस गं हे?"

धोंडुबाईची झिजलेली चप्पल होती. काळीभोर, आरशासारखी घासलेली. पट्ट्याच्या शिवणीत पॉलिश अजून ओलं होतं.