उंबरठ्यावरचं पाणी

काम अगदी साधं होतं. मी कुडाळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासते. दिवंगत नरहर हिर्लेकरांच्या भयकथांची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्यांची हाताने लिहिलेली वही घराबाहेर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून मीच प्रुफं घेऊन स्कूटीवरून आचऱ्याला त्यांच्या घरी गेले. ऑक्टोबरचं ऊन, शेतांत कापणी चाललेली. यात भिण्यासारखं काय असणार?

हिर्लेकरांची सगळ्यांत गाजलेली कथा एका मासे विकणाऱ्या बाईची. रोज भर दुपारी ती दारात येते, आणि ती मेलेली असते. तिचं नाव सत्यवती. ही सत्यवती माझी सख्खी आते, आणि ती मेलेली नाही. एक्याऐंशी वर्षांची आहे, माझ्याच घरात राहते. तरुणपणी ती माशांची टोपली घेऊन हिर्लेकरांच्या दारी जायची. त्यांना विटाळाचं भारी भय. ती आली की हे आतल्या खोलीला कडी लावून बसायचे, आणि ती गेली की उंबरठ्यावर तुळशीचं पाणी शिंपडायचे. पुढे त्या भयाची त्यांनी कथा केली. एवढे शब्दांचे धनी, पण तिच्यासाठी एक खोटं नाव शोधायचे कष्ट घेतले नाहीत. कथा छापून आली आणि आतेचं ठरलेलं लग्न मोडलं. लोक तिच्याकडचे मासे घेईनासे झाले.

आणि मी कोण मोठी लागून गेले? दहा वर्षांची असताना मीही ती कथा चोरून वाचली आणि महिनाभर आतेच्या हातचं जेवले नाही. तिनं कारण विचारलं नाही. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तरी खोटं बोलणार नाही, सुरूच्या बनातला वारा हिर्लेकरांइतका चांगला कोणी लिहिलेला मी वाचला नाही. त्यांच्यामुळेच मला वाचायचं वेड लागलं. राग जास्त येतो तो त्यामुळेच.

त्या दिवशी निघताना आतेनं माझा हात धरला. आयुष्यात तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

"अक्षया, त्या पुस्तकातसून माझा नाव काढ गो," ती म्हणाली. "माका सत्यवती म्हणान मरूचा आसा. भूत म्हणान नाय."

हिर्लेकरांच्या घरात आता त्यांचा पुतण्या निलेश राहतो. कथांचे हक्क त्याच्याकडे, त्यामुळे प्रुफांवर शेवटची सही त्याची. त्यानं घर झकास रंगवून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत. फाटकाशीच नवा कोरा फलक होता, 'सत्यवतीचा उंबरठा'. खाली केस मोकळे सोडलेली, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, आणि उभं राहून फोटो काढायला चौकोन आखलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी त्याला सरळ सांगितलं, नाव वगळायचं आणि फलकही उतरवायचा. तो हसला. म्हणाला की मूळ लेखनाला हात लावणं पाप आहे, आणि आतेचा मान राखायचा तर खोल्यांच्या उद्घाटनाला शाल देऊ. शाल! काका भित्रे होते, सोवळ्याचे होते, हे त्यालाही मान्य होतं.

"पण माणूस येगळो नि लेखन येगळा," तो म्हणाला. "आणि नाव काढलंस तर लोकांनी भियाचा कोणाक?"

मग वही माझ्यापुढे ठेवून तो गाद्या आणायला मालवणला गेला. घरात मी एकटीच उरले.

ओटीवरच्या खुर्चीत बसून मी वही आणि प्रुफं ताडून पाहू लागले. बारा वाजत आले. माडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या, कावळासुद्धा ओरडत नव्हता. तहान लागली म्हणून मी अंगणातल्या नळावर गेले. परत आले तर खुर्ची ओली. टेबलावर माझं कोपर टेकलं होतं तेवढीच जागा ओली. उंबरठ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि त्यात तुळशीचं एक पान होतं…

निलेश परतला असेल म्हणून मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मी बाकावर जाऊन बसले. जरा वेळानं उठले तर बाकही ओला. माझ्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर, टप टप थेंब पडत होते. ओल्या फडक्याचा आणि जुन्या कापराचा वास येत होता. मी वळले की थेंब थांबायचे.

घाबरले, खूप घाबरले. पाय पळायला निघालेच होते. मग एकदम लक्षात आलं, मी बसते तिथंच पाणी पडतंय. हा म्हातारा मरून वीस वर्षं झाली आणि अजून माझ्यामागून घर धुतोय! त्या क्षणी माझी भीती गेली आणि राग आला. मी घरभर फिरले. भिंती, पलंग, पुस्तकांचं कपाट, तांब्याचा हंडा, त्यांची तसबीर… दिसेल त्याला दोन्ही हात लावले. माझ्यामागून पाणी धावत होतं, धापा टाकत. आणि मग आतल्या खोलीचं दार आपटलं, आतून कडी लागली.

"गेली काय ती…?" आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. अगदी हळू. भ्यालेला.

मी प्रुफं घेऊन त्या दाराला टेकून खाली बसले. लाल पेन काढलं आणि त्यांचीच कथा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. वारा वाचला, समुद्र वाचला, भर दुपारची टोपली वाचली. जिथं जिथं आतेचं नाव होतं, तिथं रेघ मारली आणि गप्प राहिले. एकतीस वेळा. प्रत्येक वेळी दारापलीकडचा श्वास अडकत होता. कथा काही मेली नाही. उलट आता मलाच अंगावर काटा येत होता, कारण दारात कोण उभं आहे ते कळत नव्हतं.

"तिचा नाव खंय गेला…?" आतला आवाज रडवेला झाला. "मगे भायर कोण आसा? सांगा गो कोण तरी… कोण आसा?"

मी तोंडातून शब्द काढला नाही. भर दुपारी न दिसणाऱ्या आवाजाला ओ देऊ नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण नेमका तेव्हाच निलेश गाद्या घेऊन दारात आला. त्याला काकांचा आवाज ओळखू आला. गादी त्याच्या हातातून पडली, आणि काकांना ओ द्यायची लहानपणची सवय जाणार कुठं?

"अण्णाकाका…" तो म्हणाला. "मी… निलेश."

आतला माणूस समाधानानं सुस्कारला. मग खुर्ची सरकली, कागद उलटला, आणि बोरूची कुरकुर ऐकू येऊ लागली. सावकाश, न थांबता. कोणी तरी लिहीत होतं. निलेशच्या दोन्ही पावलांवर कुठून तरी पाणी पडलं.

मी प्रुफं त्याच्यापुढे धरली. एका शब्दानंही वाद न घालता त्यानं सही केली. फलक त्यानंच उपटला, नखं रक्ताळेपर्यंत. मी स्कूटी सुरू केली तेव्हा तो अंगणात उभा होता. घरात जायला तयार नव्हता.

संध्याकाळी आतेला सांगितलं, तुझं नाव आता त्या कथेत नाही. मग तिनं डोळे पुसले.

"मगे थंय कोणाचा घातलंस?" तिनं विचारलं.

कोणाचंच नाही, मी म्हणाले. मी खरंच कोणाचं घातलेलं नाही, घातलं ते आतल्या बोरूनं. त्या दिवसापासून भर दुपारी, बाराच्या ठोक्याला, निलेशचा फोन येतो. रोज. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि मी तो एकदाही उचललेला नाही.