बदकाच्या पोटातली शिट्टी

"ठेवा ते खाली! आधी खाली ठेवा म्हणते ना!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. माशांच्या टाक्या आणि कुत्र्यांच्या खाऊची पोती यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत एक उंच, किडकिडीत तरुण हातात पिवळं रबरी बदक घेऊन उभा होता. त्याच्यासमोर, कमरेवर हात ठेवून, त्याच्या खांद्याइतकी उंच असलेली एक बाई उभी होती. ती जनावरांची डॉक्टर होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुमच्या कुत्र्यावर तुमचा राग आहे का?" तिने विचारलं.

"माझ्याकडे कुत्रा नाही..."

"मग कुणाचा जीव घ्यायला निघालात?"

आता याला हसू यायचं काय कारण होतं? पण आलं. खरंच, काही माणसांना वेळकाळ कळतच नाही.

"हसा! काल तीन तास उभी होते मी. एका निवृत्त मास्तरांची कुत्री. आतड्यातून काय निघालं माहितीये? या बदकाची शिट्टी! मास्तर बाहेर बाकावर बसून रडत होते. सत्तरीचा माणूस. कुत्री वाचली हे तिचं नशीब. आणि या पाकिटावर काय छापलंय बघा — 'शंभर टक्के सुरक्षित'. कुणी ठरवलं हो हे?"

त्याचं हसू कधीच विरलं होतं. तो बदकाकडे बघत होता.

"ते... पाकीट छापणाऱ्याकडे तयारच असतं," तो हळूच म्हणाला. "सगळ्याच पाकिटांवर टाकतो तो."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण हे बदक मी बनवलंय."

डॉक्टरने कमरेवरचे हात खाली घेतले. असं तिच्या आयुष्यात फार क्वचित झालं होतं. मग तिला कळलं, की तो मामाच्या कारखान्यात साचे करतो. मामा आपल्या नावाने माल विकतो. आणि हा साचेवाला दर शनिवारी या दुकानात येतो, ते फक्त आपलं बदक कोण नेतंय ते बघायला. बदक कुणी उचललं, की त्याला बरं वाटतं.

"त्याची पूर्ण तपासणी केलीय आम्ही," तो म्हणाला. "यंत्रात धरून ओढतो. नऊ किलोचा ताण दिला तरी शिट्टी निघत नाही."

"ओढतो? कुत्रा कधी खेळणं दोन्हीकडून धरून ओढतो? कुत्रा चावताना बघितलाय का तुम्ही? जन्मात एकदा तरी?"

तो बदक उलटंपालटं करून बघायला लागला.

"पोहता येत नाही आणि निघाले नाव बांधायला!"

"मग या आणि शिकवा," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "कारखान्यात या. तिथे हवं तेवढं भांडा. इथे मासे घाबरतायत."

मासे खरंच टाकीच्या एका कोपऱ्यात गोळा झाले होते. डॉक्टरला हसू आलं. ते तिने महत्प्रयासाने गिळलं.

सोमवारी ती गेली, आणि एकटी नाही गेली. दवाखान्यात राहणारा तीन पायांचा कुत्रा होता — रोज सगळ्या पेशंटांवर देखरेख करायचा, म्हणून त्याचं नाव कारभारी. त्याला घेऊन गेली. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावर ताशा वाजत होता, आणि आत तापलेल्या रबराचा उग्र वास. साचेवाल्याने तिला पुसायला पंचा दिला. कारभाऱ्याला द्यायला दुसरा पंचा नव्हता, म्हणून स्वतःचा रुमाल काढला. हे तिने बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं.

कारभाऱ्याने बदक घेतलं. पुढच्या दोन पंजांत उभं धरलं, मान वाकडी केली, आणि मागच्या दाढेखाली घालून दळायला सुरुवात केली. चवीने, डोळे मिटून. चौथ्या मिनिटाला शिट्टी त्याच्या जिभेवर होती. डॉक्टरने जबडा उघडून, दोन बोटं घालून ती काढली आणि साचेवाल्याच्या तळहातावर ठेवली. ओली, कोमट, बटणाएवढी.

त्याने ती बदकाच्या भोकात परत बसवली आणि बदक आडवं दाबून बघितलं.

"आम्ही आधी मुलांची खेळणी करायचो," तो म्हणाला. "तपासणीही तीच चालू ठेवली. मूल ओढतं ना... मूल दाढेने दळत नाही. सरळ ओढलं की शिट्टीभोवतीचं भोक आवळतं, ती घट्ट बसते. आडवं दाबलं की भोकाचं तोंड उघडतं. एवढंसं होतं हो. एवढंसं माझ्या लक्षात आलं नाही."

बहाणा नाही, सारवासारव नाही. दहा वर्षांच्या नोकरीत औषधवाल्यांपासून खाऊवाल्यांपर्यंत डॉक्टरने शेकडो माणसांना जाब विचारला होता, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं होतं. हा पहिलाच निघाला, जो आपल्याच हाताकडे बघत होता.

"दुकानातला माल परत मागवा," ती म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"मामांशी बोलतो."

आणि मग सुरू झालं नव्या बदकाचं काम. दवाखाना चार वाजता संपायचा. साडेचारला ती कारखान्यात. शिट्टी काढून टाकायची, हे पहिल्या मिनिटात ठरलं. पण आवाज नसला तर कुत्रा बदकाकडे ढुंकूनही बघणार नाही. मग त्याने बदक पोकळ ठेवलं आणि शेपटीखाली एक भोक पाडलं, दाबलं की हवा बाहेर पडून आवाज येईल असं. ती उसळली.

"एकच भोक? जीभ आत गेली आणि आतली हवा निघाली, की जीभ तिथेच अडकते! सुजते! शेवटी जीभ कापायला लागलेली बघितलीय मी! दोन भोकं पाडा. हवेला यायला दुसरी वाट हवीच."

त्याने दोन पाडली. बदक भसाड्या आवाजात ओरडलं. कारभारी उठून बसला.

"हा आवाज कुणासारखा वाटतो?" साचेवाला म्हणाला.

"माझ्यासारखा म्हणालात तर बघा."

"मी कुठे काय म्हणालो? मी तर... कारभाऱ्याला आवडला एवढंच बघितलं."

रबर किती कडक असावं, यावर तीन दिवस वाद. मऊ असलं तर लचके तुटून पोटात जातात, कडक असलं तर दाढच फुटते. "नख रुतवून बघायचं," ती म्हणाली. "नखाचा वण उठला, तर दाताला धोका नाही." त्याने सात नमुने मांडले आणि अंगठा पुढे केला. याची नखं मुळापर्यंत कापलेली, यंत्रावर काम करणाऱ्याची.

"माझ्याने नाही जमणार. तुमचं नख लागेल."

"लागेल?"

"म्हणजे... रबराला."

तिने एकेक नमुना घेऊन दाबला. त्याने एकेक नमुना तिच्या हातातून परत घेतला. सात नमुने, आणि सातही वेळा दोघांची बोटं एकमेकांना लागली. सहाव्यांदा मात्र दोघांनाही घाई नव्हती.

"मालाचं काय झालं?" ती मधेच विचारायची.

"बोलतोय मामांशी..."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं, तर तिने त्याला उभा सोलला असता. पण तो चहाचा कप पुढे करायचा, ती पंख्याखाली ओले केस मोकळे सोडायची, आणि विषय सुटायचा. असे चार आठवडे गेले.

मग एका मंगळवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई धावत आली. छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं तीन महिन्यांचं पिल्लू. फुगलेलं पोट, पांढऱ्या हिरड्या. आणि पिशवीत अर्धं चावलेलं पिवळं बदक.

"कधी घेतलं हे?" डॉक्टरने विचारलं.

"परवा. पाकिटावर सुरक्षित लिहिलं होतं हो..."

परवा! डॉक्टरने हात धुतले, शस्त्रक्रिया केली, टाके घातले. पिल्लू तग धरून होतं, भरवसा मात्र नव्हता. मग ती तशीच, अंगावरच्या हिरव्या झग्यासकट, कारखान्यात गेली आणि शिट्टी टेबलावर आपटली.

मामा खुर्चीत होता. भाचा भिंतीशी उभा.

"डॉक्टर, कुत्री दगडही खातात," मामा गोड आवाजात म्हणाला. "आम्ही काय रस्त्यावरचे दगड वेचायचे? जुना माल संपू द्या, मग तुमचं नवं बदक काढूच की. आणि प्रत्येक खेपेच्या तपासणीच्या कागदावर याची सही आहे. विचारा त्यालाच."

तिने त्याच्याकडे बघितलं. या चार आठवड्यांतही? त्याने मान खाली घातली. बाप गेल्यावर याच मामाने त्याला वाढवलं, शिकवलं, हे तिला माहीत होतं. म्हणून काय झालं? पिल्लाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

"बोला ना," ती म्हणाली. "काहीतरी बोला!"

त्याने मामाकडे बघितलं.

"चार आठवडे मी इथे नख रुतवत बसले आणि तुम्ही तिकडे सह्या करत होतात! मला वाटलं होतं, एक तरी माणूस सरळ भेटला. शरम वाटते मला... तुमची नाही, माझी! मी विचारायचं सोडलं. कशासाठी सोडलं, ते मला चांगलं माहितीये."

ती निघाली. पाऊस नव्हता, तरी रस्ता नीट दिसत नव्हता. घरी आईने विचारलं, काय झालं. तर म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलंय. आई म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत एकदम?" आणि पुढे काही विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी दवाखाना गच्च भरला होता. दोन मांजरी, एक पोपट, कुत्री तर विचारूच नका. चष्म्याच्या दुकानातली बाई पिल्लाला भेटायला आली होती. दार उघडलं आणि साचेवाला आत आला. दाढी वाढलेली, तळहाताला पट्टी. कारभारी लंगडत त्याच्याकडे धावला. या कुत्र्याला काही स्वाभिमानच नव्हता.

"रांगेत थांबा," डॉक्टर आतूनच ओरडली. "आणि जनावर नसेल तर बाहेर जा."

तो बाहेर गेला नाही. बाकांच्या मधोमध उभा राहिला.

"ज्यांच्या घरी पिवळं बदक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "त्यांनी ते आजच काढून घ्या. त्यातली शिट्टी निघते. ते मी बनवलंय. चूक माझी आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. पोपटाचीसुद्धा. चष्म्याच्या दुकानातली बाई सावकाश उठली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"महिना झाला."

"मग महिनाभर काय करत होतात?"

डॉक्टर दारात येऊन उभी राहिली होती. खूप माल होता, हुकूम वरून होता, कागद अडकला होता... जगातल्या सगळ्या सबबी तिला पाठ होत्या. आता यातली कुठली येते, ते ती बघत होती.

"मामाला घाबरत होतो," तो म्हणाला.

बाईचा हात उठला. मग खाली आला. ती मटकन बाकावर बसली आणि रडायला लागली. तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला. पळाला नाही, की मान वळवली नाही.

"आत या," डॉक्टर त्याला म्हणाली.

आत पिंजऱ्यांच्या खोलीत तिने पिल्लू गादीसकट उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "याला ऊब लागते. हलायचं नाही. हाताला काय झालं?"

"साचा फोडला. आडवं भोक पाडलं आरपार. आता त्यातून एकही बदक निघणार नाही. सही करणार नाही म्हणून सांगितलं. मामांनी घराबाहेर काढलं. सगळ्या दुकानांना पत्र टाकलंय, माझ्या नावाने."

"पत्र कोण वाचतं?"

"कुणी नाही... म्हणून स्वतः जाणार आहे. एकेचाळीस दुकानं आहेत."

"चार आठवडे उशीर केलात."

"हो."

"या पिल्लाचं काही बरंवाईट झालं, तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही."

"करू नका," तो म्हणाला. पिल्लाने त्याच्या पट्टीवर जीभ फिरवली, दोन दिवसांत पहिल्यांदाच. दोघांनीही ते बघितलं. तिने पटकन पिल्लाची हिरडी वर करून बघितली. गुलाबी होत होती.

मग तिचा बांध फुटला.

"मला तुमचा इतका राग आलाय ना," ती डोळे पुसत म्हणाली, "की झोप नाही दोन रात्री. आणि तुम्ही मला आवडता. दोन्ही एकदम. हा काय न्याय झाला?"

तो ताडकन उठायलाच निघाला.

"हलायचं नाही म्हटलं ना!"

तो बसला. श्वाससुद्धा जपून घ्यायला लागला. "मलाही... म्हणजे त्या शनिवारपासून..."

"ते नंतर. आधी दुकानं. उद्या सकाळी निघायचं. बोलायचं काम माझं, तुम्ही फक्त खोकी उचलायची."

"एकेचाळीस दुकानांत भांडणार तुम्ही?"

"चाळीस. त्या माशांच्या दुकानात तुम्ही भांडायचं, एकट्याने. मी बाहेर उभी राहून ऐकणार."

तो हसला. बाहेर पोपट कुणाला तरी शिव्या द्यायला लागला होता आणि रांगेतलं कुणीतरी डॉक्टरच्या नावाने हाका मारत होतं. "आले, आले!" ती ओरडली, पण गेली नाही. त्याच्या बाजूला जमिनीवर बसली आणि एक हात पिल्लावर ठेवला, अर्धा पिल्लावर आणि अर्धा त्याच्या बोटांवर.