कुणाचाही चालेल, पण लवकर

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर माझ्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टी एका पारड्यात टाका आणि ही एकटी दुसऱ्यात, हिचंच पारडं खाली जाईल. शिवाय ही ज्याची गोष्ट आहे तो समोर काउंटरमागे काचा पुसत बसलाय, त्यामुळे मला फार मोकळं सुटता यायचं नाही.

तर ह्या चष्मेवाल्याच्या वडिलांची, आप्पांची, एक स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची, रस्त्याला पोट घासत चालणारी. लाल.

"मरून," चष्मेवाला म्हणाला.

बरं, मरून. आप्पांनी ऐन तारुण्यात हौसेनं घेतलेली. पुढे ती बंद पडली आणि गॅरेजमध्ये जाड कापड पांघरून निजली, ती निजलीच. मग आप्पांचे डोळे जायला लागले. अख्ख्या गावाला चष्मे लावणाऱ्याच्या बापाचे डोळे जावेत आणि त्यावर चष्माच नसावा, ह्याला काय म्हणाल? डॉक्टरांनी सांगितलं, थंडी सुरू झाली की फक्त उजेड-अंधार कळेल. आप्पा म्हणाले, "ढापण्या, एकदा मला टेकडीवरच्या वळणावर ने. आपल्या गाडीतून. तिथून सगळी दरी दिसते. ती एकदा बघतो, मग गेले डोळे तर गेले."

ढापण्या म्हणजे हाच, लहानपणीच चष्मा लागलेला. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी बापाच्या लेखी ढापण्याच.

आता जुन्या गाडीचे पार्ट मिळवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी तोंडात बसवणं. ह्यानं शोधशोध शोधून एक पार्टवाला गाठला. गोदामवजा दुकान, छतापर्यंत रॅक, रॅकवर ब्राऊन कागदात बांधलेली पुडकी, आणि रॉकेल व जळक्या ग्रीसचा असा वास, की घरी गेल्यावर बायकोनं शर्ट बाहेरच काढायला लावला. पार्टवाला अत्यंत नम्र. हाच तर त्रास! उर्मट माणसाशी निदान भांडता येतं.

"साहेब, नवीन तर आता कुठेच बनत नाही. रिबिल्ट मिळेल. तुमचा जुना पार्ट आधी आणायचा. तो आम्ही उघडतो, धुतो, झिजलेलं बदलतो."

"किती दिवस लागतील?"

"तुमचाच पाहिजे असेल तर वेळ लागेल. अदलाबदलीत चालत असेल तर रॅकवरचा तयार घेऊन जा, तुमचा इथे ठेवा. तो तयार झाला की पुढच्या गिऱ्हाइकाला."

ह्यानं कार्बोरेटर नेला, तर मिळालेला रिबिल्ट बसेना. भोकं जुळेनात. परत नेला. दुसरा दिला, तो बसला, पण गळायला लागला. परत नेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा दुकानाला कुलूप, आणि दारावर चिठ्ठी, "जेवायला गेलो आहे." हा दुपारभर पायरीवर बसला. काय जेवत होता, बैल?

"म्हैस," चष्मेवाला म्हणाला. "मी म्हैस म्हणालो होतो."

म्हैस. संध्याकाळी पार्टवाला ढेकर देत आला, तेव्हा ह्याच्या नाकी नऊ आले होते. तिकडे आप्पांना ताटातली भाजी कुठली ते चाखल्याशिवाय कळेना झालं होतं. ह्यानं काउंटरवर हात आपटला. "हे बघा, आता मला काही सांगू नका. माझाच पाहिजे असं काही नाही. कुणाचाही चालेल, पण लवकर द्या!"

पार्टवाल्यानं मान वर केली. "कुणाचाही?"

"कुणाचाही."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून सगळं बसायला लागलं. कार्बोरेटर असा बसला, जणू तिथलाच. गाडीनं खोकत खोकत का होईना, श्वास घेतला. त्याच आठवड्यात आप्पांचा सकाळचा खोकला थांबला. घरचे म्हणाले, हवा बदलली.

मग गाडी सुरू करणारी सेल्फ मोटर बदलली. आप्पा खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणायचे, ते बंद झालं. एका दमात उभे. सूनबाई खूश. "बघा, गाडीच्या नादानं का होईना, मामंजींना उभारी आली."

स्टेअरिंग बॉक्स बदलला, तेव्हा मात्र ह्याला पहिल्यांदा खटकलं. आप्पा जेवायला बसले आणि घास डाव्या हातानं घेतला. सहज. जन्मभर घेत आल्यासारखा.

"आप्पा, उजवा हात दुखतोय का?"

"नाही हो," आप्पा म्हणाले. "का?"

आता ह्यातला "हो" लक्षात घ्या. बापानं मुलाला "नाही हो" म्हणावं?

तरी राहिले होते फक्त हेडलाइट. काचेवर रेघा कापलेले, आतला आरसा काळा पडलेले. थंडी तोंडावर आली होती. हा दोन्ही दिवे काढून मांडीवर घेऊन गॅरेजमध्ये बराच वेळ बसला. द्यावे की न द्यावे? आतून आप्पा कशावर तरी धडकल्याचा आवाज आला, मग कपबशी फुटल्याचा. हा उठला आणि दिवे घेऊन गेला.

रिबिल्ट दिवे बसवले त्या सकाळी आप्पा पेपर वाचत होते. चष्मा न लावता.

ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गाडी बाहेर काढली, आप्पांना शेजारी बसवलं. गाडी टेकडी अशी चढली, जशी लोण्यातून सुरी. वळणावर ह्यानं ती उभी केली. स्वच्छ ऊन होतं. खाली दरी, शेतं, पार तळातली कौलं.

आप्पांनी सगळीकडे नीट बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण पाणी कुठे गेलं?"

"कसलं पाणी?"

"इथे समुद्र होता. जहाजं दिसायची." मग ते ह्याच्याकडे वळले आणि संकोचून म्हणाले, "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. पण आता मला घरी सोडा. मुलगा वाट बघत असेल."

परतल्या परतल्या ह्यानं पार्टवाल्याला फोन लावला.

"मला माझे जुने पार्ट परत पाहिजेत. सगळे!"

"साहेब, ते केव्हाच तयार होऊन गेले. योगायोग बघा, सगळे एकाच गाडीला लागले. गिऱ्हाईक खूश आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"त्यांच्या वडिलांचं काहीतरी बिनसलंय म्हणत होते. खोकतात. दिसत नाही. दिवसभर ढापण्या, ढापण्या अशी हाक मारत बसतात. आणि त्यांच्या घरात तर चष्मा कुणालाच नाही."

"पत्ता द्या."

पार्टवाल्यानं पत्ता दिला. नम्रपणे, दोनदा वाचून.

आणि मग काय, मंडळी! हा तसाच गाडीत बसला. रात्र बघितली नाही, पाऊस बघितला नाही. घाट उतरला, समुद्र लागला, समुद्रावर जहाजं. तिथे एक घर, घराच्या ओसरीवर खुर्ची, आणि खुर्चीत आपले आप्पा! ह्याच्या पायांचा आवाज ऐकून म्हणाले, "ढापण्या, किती रे उशीर!" ह्यानं मिठी मारली, आणि ह्यानं अन् त्या घरच्या मुलानं तिथल्या तिथे पाने-पकडी घेऊन एकेक पार्ट...

"खोटं," चष्मेवाला म्हणाला. हातातली काच उजेडात धरून तो तिच्यातून बघत होता. "मी गेलोच नाही. आता घरी आहेत त्यांना दिसतंय ना चांगलं."